दोन दिवसांचं बेळगाव, अकरा ठिकाणांची यादी आणि एकच रविवार

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नाशिकचे, बेळगावला आजवर कधी आला नाहीत, शुक्रवारी रात्री पुण्याहून स्लीपर बस पकडणार, शनिवारी पहाटे इथं उतरणार आणि रविवारी रात्री नऊच्या बसनं परत. सोबत मिसेस, अकरा वर्षांचा मुलगा आणि आई, वय 68, दोन्ही गुडघे दुखतात. यादी दिलीय ती अशी: किल्ला, कमल बस्ती, कपिलेश्वर, मिलिटरी महादेव, राजहंसगड, गोकाक धबधबा, गोडचिनमलकी, सौंदत्ती, कित्तूर, हलशी आणि आंबोली. अकरा. आणि विचारलंय काय, तर कुठल्या क्रमानं गेलं म्हणजे सगळं होईल. शिवाय हॉटेल कुठल्या भागात घ्यायचं आणि भाषेचा त्रास होईल का.

मी इथं टुरिस्ट गाड्यांचा धंदा करतो, बावीस वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं स्वतः स्टेअरिंगवर होतो, आता चार गाड्या आहेत आणि मी निम्मा दिवस फोनवर असतो, आणि हा क्रमाचा प्रश्न मला महिन्यातनं पाच-सहा वेळा तरी येतो. खरं सांगू का, क्रमाचा प्रॉब्लेमच नाहीये तुमचा. तासांचा आहे. शनिवारी पहाटे सहा ते रविवारी रात्री नऊ म्हणजे 39 तास. त्यातली झोप 8 काढा, उतरल्यावर खोली-आंघोळ-नाश्ता यात 3, दोन दिवसांची जेवणं आणि चहा 4, आईंची दुपारची आडवं पडायची वेळ 2, आणि परतीच्या बसआधी हातात राखून ठेवायचे 3. उरले 19. शनिवारी अंधार पडल्यानंतरचे चार तास बाहेरगावच्या ठिकाणांना उपयोगाचे नाहीत, म्हणजे 15. आता रस्ता बघा. गोकाक जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, आंबोली 135 च्या आसपास, कित्तूर धरून सौंदत्ती 170, हलशी 85. झाले पाचशेच्या वर, आणि आमच्या भागातल्या रस्त्यांवर, गावं, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, म्हशी सगळं धरून सरासरी ताशी 40-45 च्या वर पडत नाही. म्हणजे नुसतं गाडीत बसून बारा तास. राहिले तीन. तीन तास भागिले अकरा ठिकाणं, एका ठिकाणाला सोळा मिनिटं, त्यात चपला काढणं-घालणं आलंच.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिलं सांगतो, डाव्या हाताचा पंजा पसरून समोर धरा. तळहात म्हणजे बेळगाव. एक बोट ईशान्येला गोकाककडं, एक पूर्वेला सौंदत्तीकडं, एक खाली आग्नेयेला कित्तूर-धारवाड रोडला, एक दक्षिणेला खानापूर-हलशी, आणि अंगठा सरळ पश्चिमेला आंबोली. एका बोटाच्या टोकावरनं दुसऱ्या टोकावर उडी मारता येत नाही, परत तळहातावर यावं लागतं. नकाशात सगळं "बेळगावपासून अमुक किलोमीटर" असं लिहिलेलं असतं म्हणून माणसाला वाटतं सगळं जवळजवळच आहे. बेळगावपासून जवळ आहे हो, एकमेकांपासून नाही. थोडा अपवाद आहे, कित्तूर-बैलहोंगल-सौंदत्ती हे एका धाग्यात बसतं, आणि हलशी बघून नंदगड-बिडीवरनं कित्तूरला निघता येतं. पण गोकाक आणि आंबोली एका दिवसात म्हणणारा माणूस एकतर नकाशा बघितलेला नसतो नाहीतर गाडी त्याची नसते.

हे शहाणपण मला फुकट नाही आलं. धंद्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी सोलापूरकडची एक फॅमिली होती, जुलै महिना, त्यांनी सकाळी गोकाक आणि संध्याकाळी आंबोली असं ठरवलेलं, आणि मी नवीन, गिऱ्हाईक जाईल म्हणून "होतंय की, काय अडचण नाही" म्हणालो. गोकाकलाच बारा वाजले, परत बेळगाव ओलांडून शिनोळीच्या पुढं गेलो तोवर साडेचार, मग पाऊस, मग धुकं. आंबोलीच्या धबधब्यापाशी पोचलो तर दोन हातांवरचं दिसत नव्हतं. मागच्या सीटवरच्या आजीनं काच खाली करून कान लावला आणि म्हणाली, "पाणी ऐकू यायलंय बाबा, पण हाय कुठं?" पोरं झोपलेली, दोन ओकलेली. पैसे त्यांनी पूर्ण दिले, पण परत कधी फोन आला नाही. तेव्हापासनं माझा नियम, एक दिवस एक दिशा. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

आता तुमच्या बाबतीत काय, तर शनिवार गावासाठी आणि रविवार एका बोटासाठी. उलटं का नाही, म्हणजे शनिवारी बाहेर आणि रविवारी आरामात गाव? हे बरेच जण विचारतात आणि एका अर्थी ते बरोबरही आहे, कारण रविवारी बस चुकायची भीती राहत नाही. पण रात्रभर स्लीपरमधनं आलेल्या 68 वर्षांच्या बाईला तासाभरात परत गाडीत बसवणं म्हणजे दोन्ही दिवस वाया. तुम्ही तिघंच असता तर मी उलटं सांगितलं असतं. शिवाय बस वेळेवर येईलच असंही नाही, पुण्याहून इथपर्यंत 340 किलोमीटर, पण मध्ये सातारा-कागल पट्ट्यात रुंदीकरणाच्या कामामुळं डायव्हर्जन लागतात आणि सहाची बस आठला आलेली मी पुष्कळदा बघितलीय. गावातला कार्यक्रम दोन तास पुढं सरकला तर काही बिघडत नाही, सौंदत्तीचा सरकला तर बिघडतो.

बसवरनं आठवलं, तिकीट काढताना ड्रॉपिंग पॉइंट नीट बघा. पुढं हुबळी-बेंगळूरला जाणाऱ्या काही बस गावात शिरतच नाहीत, हायवेवर पुलाखाली उतरवून जातात, आणि पहाटे पाचला गुडघेदुखीची आई आणि चार बॅगा घेऊन हायवेवर रिक्षा शोधणं मी दुश्मनालाही सांगणार नाही. बेळगावातच संपणारी बस बघा. ॲपवर "बेळगावी" असं शोधा, 2014 च्या नोव्हेंबरपासनं सरकारी नाव तेच आहे, रेल्वेतही तेच. बोलताना बेळगाव म्हणा, कुणी काही म्हणत नाही. ट्रेन जमत असेल तर आईंसाठी ट्रेन केव्हाही बरी. पुणे-हुबळी वंदे भारत 2024 च्या सप्टेंबरपासनं सुरू आहे आणि बेळगावला थांबते, पण ती रोज नाही, वार बघूनच ठरवावं लागतं.

हॉटेल. इथं "कुठल्या भागात" यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. पहिला, चेकआउट 24 तासांचं की दुपारी बाराचं? बाराचं असेल तर पहाटे सहाला गेल्यावर एकतर लॉबीत बसवतील नाहीतर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं घेतील. बसस्टँडच्या आसपास 24 तासवाली लॉज अजून आहेत, तुमच्यासारख्या टायमिंगला तीच परवडतात. पण तरी रविवारी सकाळी खोली सोडायची का, मग संध्याकाळी बसआधी हातपाय धुवायला कुठं जायचं, हेही आत्ताच बोलून ठेवा, बरेच लोक अर्धा दिवस वाढवून देतात. दुसरा प्रश्न, लिफ्ट आहे का आणि संडास कमोडचा आहे का. फोटोवर जाऊ नका, फोन करून विचारा. भाग म्हणाल तर चन्नम्मा सर्कल, कॉलेज रोड, क्लब रोड इकडं राहा, तिथनं बसस्टँड, किल्ला आणि बाजार सगळं दोनेक किलोमीटरच्या आत पडतं. हायवेवरची नवीन हॉटेलं दिसायला भारी आहेत, पण प्रत्येक चहाला रिक्षा लागते. टिळकवाडीत मिळालं तर शांत असतं, फक्त पत्ता सांगताना लोक "पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट" असं सांगतील, ती रेल्वेची फाटकं, आणि गाडी यायच्या वेळेला अडकलात की बसा इंजिन बंद करून.

एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. महिना कुठला? डिसेंबरमध्ये हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटकचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेवढे आठ-दहा दिवस गावातली बरी हॉटेलं सरकार आधीच बुक करतं, उरलेल्यांचे रेट दुप्पट, आणि गाड्याही मंत्री-अधिकाऱ्यांकडं. माझ्या चारपैकी तीन त्या आठवड्यात नसतात. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून डिसेंबरचं काही ठरवत असाल तर ती आधी बघा. 1 नोव्हेंबर टाळा, त्या दिवशी एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची भली मोठी मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिन, रस्ते बंद, पहिल्यांदा येणाऱ्याला काही बघायला मिळत नाही. सीमाप्रश्न अधनंमधनं तापतो तेव्हा दोन्हीकडच्या सरकारी बस बंद पडतात, एक-दोन दिवसांत परत सुरू होतात, पण निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघायची सवय ठेवा. आणि गणपतीत किंवा आमच्या शिवजयंतीत आलात, आमची तिथीनं म्हणजे वैशाखात असते, तर मग हे माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा, रात्रभर चित्ररथ बघा आणि दुपारी झोपा.

शनिवार. उतरा, झोपा. नऊच्या सुमाराला किल्ला. हा डोंगरी किल्ला नाही, सपाटीवर आहे, गाडी आत जाते, त्यामुळं आईंना काही अडचण नाही. 1204 साली रट्ट घराण्याच्या काळात बिच्चीराजानं बांधला असं मानतात आणि आतली कमल बस्तीही, बस्ती म्हणजे जैन देऊळ, त्याच सालची. आतला बराच भाग मिलिटरीकडं आहे, तिकडं मोबाईल खिशात ठेवा, आणि ओळखपत्र सगळ्यांचं जवळ असू द्या.

कमल बस्तीला मात्र घाई करू नका. बाहेरनं बघितलं तर बुटकं, काळ्या दगडाचं, काही विशेष वाटत नाही, निम्मे लोक पायरीवरनंच फोटो काढून वळतात. आत जा. उन्हातनं आल्यावर एक-दोन मिनिटं काहीच दिसत नाही, पायाखाली फरशी गार लागते, मग हळूहळू खांब दिसायला लागतात, घासून घासून असे गुळगुळीत केलेत की त्यात दाराचा उजेड हलताना दिसतो. मग मान वर करा. छतातनं दगडाचं कमळ खाली लोंबतंय, पाकळीवर पाकळी, हा एवढा दगड वरनं सुटून कसा पडत नाही असा प्रश्न पोराला हमखास पडतो. गाभाऱ्यात नेमिनाथ. मी पोरांना पाकळ्या मोजायला लावतो, 72 सांगतात, अजून एकाही पोराचा आकडा दुसऱ्याशी जुळला नाही, पण तेवढ्यात आजी लोकांना टेकायला मिळतं. तिथनं सफा मशीद, विजापूरचा सरदार असद खान याच्या काळातली, 1519 ची, आणि मग रामकृष्ण आश्रम. 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात आले होते, त्यातले काही दिवस किल्ल्यातल्या ज्या घरात राहिले तिथं आता स्मारक आहे. दुपारी बंद असतं, म्हणून सकाळचंच किल्ल्याचं सांगतोय. आपला हिशेब अडीच तास.

जेवण, झोप. ही झोप कापू नका, तुम्हाला वाटेल चार वाजेपर्यंत खोलीत बसून काय करायचं, पण संध्याकाळ याच झोपेवर चालते. चारला दोन वाटा आहेत. आईंना देवाचं जास्त असेल तर कपिलेश्वर, मग कॅम्पातलं मिलिटरी महादेव, तिथली बाग मोठी आहे, मुलगा पळेल. नाहीतर राजहंसगड, येळ्ळूरच्या वर, पंधरा-सोळा किलोमीटर, गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा 2023 मध्ये बसवलाय, आणि वारा असा की टोपी धरूनच उभं राहावं लागतं. पावसाळा सोडून कधीही असाल तर मी राजहंसगड म्हणेन. तिथनं सूर्य बुडताना बघून सातपर्यंत परत, मग गणपत गल्ली-मारुती गल्ली-खडेबाजार पायी. गाडी तिथं नेऊ नका, आमच्या ड्रायव्हर लोकांच्या डोक्याला ताप होतो. बेळगाव म्हणजे काय ते तुम्हाला त्या गल्ल्यांत कळेल, एका दुकानात मराठी, शेजारच्यात कन्नड, पलीकडं उर्दू, आणि भाव करताना तिन्हीची खिचडी. तुमच्या मुलाला इतिहासाची आवड असेल तर जाता-येता टिळकवाडीतलं वीरसौध बघा. 1924 चं काँग्रेस अधिवेशन तिथं झालं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं ते एकमेव, आणि त्यावेळी पाण्यासाठी काढलेली विहीर अजून आहे. वीस मिनिटं पुरतात.

रविवार, एक बोट. हे मी ठरवणार नाही, आई ठरवतील.

सौंदत्तीची यल्लम्मा त्यांच्या मनात असेल, आणि नाशिककडच्या पुष्कळ घरांत असते, तर मग चर्चाच नको, बाकी सगळं खोडा. ऐंशीच्या वर किलोमीटर, दोन तास धरा, सहाला निघा म्हणजे साडेआठ-नऊला दर्शन. फक्त एक बघा, पौर्णिमा जवळ नको. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तर कोल्हापूर-सांगलीकडनं ट्रॅक्टर-बैलगाड्या भरून माणसं येतात, "उदं गं आई उदं" च्या गजरात डोंगर हळदीनं पिवळा होतो, बघण्यासारखं आहेच, पण दुखऱ्या गुडघ्यानं त्या रांगेत उभं राहण्यासारखं नाही. मंगळवार-शुक्रवारही गर्दीचे, तुमचा रविवार आहे, त्यालाही गर्दी असते, म्हणूनच सहाला म्हटलं. परतताना वेळ राहिलाच तर बैलहोंगलला कित्तूरच्या राणी चन्नम्माची समाधी, आणि मुलासाठी कित्तूरचा पडका वाडा. 1824 च्या ऑक्टोबरात चन्नम्माच्या सैन्यानं इंग्रज कलेक्टर थॅकरेला तिथंच मारला. कित्तूरवरनं बेळगाव सरळ हायवे, तासाभरात घरी. म्हणून परतीची वाट कित्तूरकडनं ठेवा, बसचं टेन्शन राहत नाही.

देवाचं तितकं नसेल आणि महिना जुलै ते ऑक्टोबरमधला असेल, तर गोकाक आणि गोडचिनमलकी, दोन्ही धबधबे. घटप्रभा पन्नास मीटरच्या वरनं उडी मारते, पाणी लाल, तांबड्या मातीचं, आवाज रस्त्यावरनंच येतो. पण हे त्या चार महिन्यांचंच. एप्रिल-मेमध्ये गेलात तर नुसता कातळ बघून याल आणि मला शिव्या द्याल. दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी हट्ट करतंच, फोटो बघून आलेले असतात, फोटो ऑगस्टमधला असतो. गोडचिनमलकीला शेवटी थोडं उतरून चालावं लागतं, आई गाडीत थांबतील असं धरा. गोकाकचा झुलता पूल चालू असेल-नसेल, त्याच्या भरवशावर मुलाला काही कबूल करू नका.

हिवाळा असेल आणि गर्दीचा कंटाळा असेल तर हलशी. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तुमच्या यादीतलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात कमी लोक जाणारं ठिकाण हेच. कदंबांची राजधानी होती, भूवराह नरसिंहाचं देऊळ, एकाच देवळात दोन गाभारे समोरासमोर, आणि आजूबाजूला साधं शेतकरी गाव, देवळाच्या भिंतीला टेकून भाताच्या गंजी. खानापूर तालुका, सगळे मराठी बोलतात. वाटेत नंदगडला राणी चन्नम्माचा शूर शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे, 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांनी त्याला तिथं फाशी दिलं. दुपारी दोनपर्यंत बेळगावात परत, म्हणजे आईंना निवांत.

आंबोली या वेळी सोडा. ती महाराष्ट्रातच आहे, सावंतवाडी-कोल्हापूरकडनं कधीही होईल, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथं गाड्यांची जी रांग लागते तिच्यात मी आता गाडी देतच नाही.

गाडी ठरवताना भांडणं कुठं होतात तेवढं सांगतो, कारण दोष दोन्हीकडचा असतो. गावातल्यासाठी साधारण आठ तास-ऐंशी किलोमीटर असं पॅकेज असतं. बाहेरगावी गेलात की किमान किलोमीटर लागतात, 250 किंवा 300, म्हणजे गोकाकला सव्वाशेच फिरलात तरी बिल किमानाचंच. हे आधी कुणी सांगत नाही आणि मग शेवटी तोंडं वाकडी होतात. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग धरून की सोडून ते विचारा. सीमा ओलांडायची असेल तर "परमिट धरून का?" हेही विचारा, पिवळ्या पाटीच्या गाडीला दुसऱ्या राज्यात शिरायला ते लागतं. रिक्षाला मीटर असतो पण पडत नाही, बसायच्या आधी ठरवा. आणि मिसेसना सांगून ठेवा, कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना प्रवास फुकट आहे तो इथला पत्ता असलेल्यांना, आणि महाराष्ट्राच्या एसटीतली अर्धी तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. दरवेळी कंडक्टरशी कुणीतरी हुज्जत घालत असतंच.

आता भाषा. तुम्ही जरा घाबरलाय असं वाटलं, बातम्या बघून घाबरणं साहजिक आहे. माझ्या बावीस वर्षांत मराठी बोलतो म्हणून एकाही पर्यटकाला माझ्यासमोर त्रास झालेला नाही. गावात, खानापूरकडं, पश्चिमेला सगळीकडं मराठी चालते. पूर्वेला, गोकाक-सौंदत्तीकडं कन्नड, पण देवळातले, हॉटेलातले लोक मोडकी मराठी बोलतातच, निम्मं गिऱ्हाईक कोल्हापूरचं. अडतं कुठं, तर बसच्या पाटीवर, ती कन्नडमध्ये असते, तिथं सरळ कंडक्टरला विचारायचं. चार शब्द पाठ करा. "एष्ट" म्हणजे किती, "एल्ली" म्हणजे कुठं, "बेडा" नको, "साकु" पुरे. आणि प्रत्येकाच्या शेवटी "री" लावा, एष्ट री, बेड री, साक री. हा "री" म्हणजे आपला "हो" किंवा "जी" समजा. तो लावला की समोरचा माणूस हसतो आणि पुढचं मराठीत बोलतो. हे मी हजारदा बघितलंय. चहाच्या टपरीवर "हे बेळगाव कुणाचं" हा विषय मात्र काढू नका. आम्हा सगळ्यांना त्यावर मतं आहेत, माझंही आहे, पण ते पाहुण्यांसमोर चघळायचं नसतं.

थोडक्यात परत एकदा, म्हणजे मिसेसना वाचून दाखवता येईल: शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी झोप, संध्याकाळी राजहंसगड किंवा महादेव, रात्री गल्ल्या. रविवारी सौंदत्ती, गोकाक किंवा हलशी यातलं एकच, संध्याकाळी सहाच्या आत परत. अकरातली चार ते सहा होतात, ती नीट होतात. महिना आणि आईंचं काय ठरलं ते कळवा, मग निघायची नेमकी वेळ आणि जेवायला कुठं थांबायचं ते सांगतो.

हां, खायचं राहिलंच. कुंदा सगळे नेतात, तुम्हीही न्या, दूध आटवून आटवून तपकिरी झालेला, रवाळ, पण तो शनिवारी घेऊ नका, रविवारी बसच्या तासभर आधी ताजा घ्या, आणि दुकानदाराला नाशिकपर्यंत न्यायचाय असं सांगा, तो किती दिवस टिकेल ते खरं सांगतो. बसच्या डिक्कीत टाकू नका, खाली इंजिनची धग असते, मांडीवर ठेवा. मांडे हवे असतील, म्हणजे लग्नाच्या रुखवतात असतात तसले, आत पिठीसाखर-तूप-खसखस घालून घडी केलेले, तर ते शनिवारी सकाळीच सांगून ठेवावे लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. त्यांचा डबा स्लीपरमध्ये पायाशी ठेवलात तर नाशिकला चुराच उतरेल, आणि चुरा दुधात घालून खायचा असतो, तो आमच्याकडं मुद्दाम करून खातात.